महाबळेश्वरचा जुना बंगला, ओल्या भिंती आणि सिमेंटचा सल्ला

नमस्कार. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. महाबळेश्वरला तुमच्या कुटुंबाचा १८९० च्या सुमाराचा एकमजली बंगला आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, छप्पर मंगलोरी कौलांचं, पुढे-मागे व्हरांडा. पावसाळ्यात घर बंद असतं. भिंतींना खालून तीन फुटांपर्यंत ओल चढली आहे, गिलाव्याचे पोपडे सुटतात, पांढरा लोणा (क्षारांचा थर) येतो आणि नैर्ऋत्येच्या खोलीत छताजवळही तपकिरी डाग आहेत. ठेकेदाराने तीन कामं सुचवली आहेत: जुना गिलावा पाडून वॉटरप्रूफिंग केमिकल घातलेला सिमेंटचा गिलावा, कौलांच्या जागी आरसीसी स्लॅब, आणि 'कुणी वापरत नाही' म्हणून फायरप्लेस व धुराडं बंद करणं.

माझं मत आधीच सांगून टाकते. या तिन्हींपैकी एकही काम करू नका. पहिल्या दोन कामांनी घराचं कायमचं नुकसान होईल. तिसऱ्याने ओल वाढेल. ठेकेदाराची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही. नव्या, सिमेंटच्या घराला हेच उपाय चालतात. तुमचं घर मात्र वेगळ्या तत्त्वावर उभं आहे.

ते तत्त्व असं. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना १८२८ मध्ये इथे थंड हवेचं ठाणं वसलं. पुढे मुंबई सरकारचा उन्हाळी मुक्काम इथेच असे. साहेब लोक उन्हाळ्यात वर येत आणि पाऊस लागायच्या आत खाली उतरत. म्हणजे इथले बंगले पहिल्यापासूनच पावसाळ्यात बंद राहणार हे धरून बांधलेले आहेत. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो तिथे भिंतीत पाणी अजिबात शिरू नये असा हट्ट त्या काळच्या गवंड्यांनी धरला नाही. पाणी कमीत कमी लागावं म्हणून उभट छप्पर, लांब वळचण, उंच जोतं आणि भोवती व्हरांडा. त्यातूनही जे शिरेल ते ऑक्टोबरनंतर सुकून बाहेर पडावं म्हणून सच्छिद्र दगड, चुन्याचा सांधा, चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी. तुमच्या भिंतीला आज जो त्रास होतोय तो बहुधा या दोनपैकी एका ठिकाणी साखळी तुटल्यामुळे: एक तर पाणी पूर्वीपेक्षा जास्त येतंय, नाहीतर आलेलं पाणी बाहेर पडत नाहीये. पुष्कळदा दोन्ही.

सिमेंटचा गिलावा दुसरी वाट पूर्ण बंद करतो. जांभा पाणी पितो, चुना ते हळूहळू सोडतो, पण सिमेंटमधून वाफ फार कमी जाते. त्यामुळे खालून चढणारी ओल गिलाव्यामागे अडकते आणि वाट शोधत आणखी वर चढते. आज तीन फुटांवर असलेली रेषा दोन-तीन वर्षांत पाच फुटांवर दिसते ती यामुळे. शिवाय पाण्याबरोबर आलेले क्षार सिमेंटच्या पाठीमागे, जांभ्याच्या तोंडावर स्फटिक होऊन बसतात. ते फुगतात तेव्हा दगडाची कड भुगा होऊन सुटते. वरून गिलावा ठणठणीत दिसतो आणि ठोकलं की पोकळ वाजतो. असा सिमेंटचा थर पुढे काढायला गेलं की दगडाचा अर्धा-पाऊण इंचाचा पापुद्रा त्याच्यासोबत येतो, आणि गेलेला दगड परत भरता येत नाही.

तुमच्या भिंतीच्या खालच्या भागात आधीच कधीतरी सिमेंट लावलेलं असू शकतं. ते ओळखायला सोपं आहे. पोपड्याची कड पाहा. करडा रंग आणि खिळ्याने ओरखडा न उठणं म्हणजे सिमेंट. मळकट पांढरा किंवा सुरखीमुळे (विटांच्या भुकटीमुळे) गुलाबी रंग आणि खिळ्याने सहज खरवडलं जाणं म्हणजे चुना. त्याच वेळी दोन दगडांमधला सांधाही एका कोपऱ्यात इंचभर खरवडून बघा. इथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे: सांधा चुन्याचा निघाला तर खाली लिहिलेलं जसंच्या तसं लागू होतं. मातीचा निघाला तर (नोकरांच्या खोल्या, स्वयंपाकघर अशा मागच्या भागांत बऱ्याचदा मातीचाच असतो) गिलावा एका वेळी एका भिंतीचाच, तोही तीन-चार फुटांच्या पट्ट्यांत काढा. मातीच्या सांध्याची भिंत उघडी असताना अवकाळी पाऊस लागला तर सांधा धुऊन जातो.

आता ओल नेमकी कुठून येते ते शोधणं. हे काम ठेकेदारावर सोडू नका, घरमालकाला ते स्वतः करता येतं. खालून चढणारी ओल आडव्या रेषेत असते, आतल्या भिंतींनाही असते आणि रेषेच्या वरच्या कडेला लोणा सर्वांत दाट असतो. बाजूने मारणाऱ्या झडीची ओल फक्त नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या भिंतींवर, ठिगळाठिगळांनी दिसते. वरून येणारी ओल तपकिरी असते, कारण ती लाकडाचा रंग घेऊन उतरते. तुमच्या नैर्ऋत्येच्या खोलीतले डाग याच जातीचे. चौथी ओल आतल्या हवेची. बंद घरात कपाटामागे, कोपऱ्यात काळी बुरशी येते ती ही. शंका असेल तिथे फूटभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडा टेपने बंद करून भिंतीला चिकटवा आणि तीन दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या अंगावर थेंब असतील तर हवेतली वाफ, भिंतीकडच्या अंगावर असतील तर पाणी भिंतीतून येतंय. ही तपासणी सप्टेंबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा करा. मे महिन्यातही ओलं असलेलं ठिकाण हा खरा रोग. फक्त सप्टेंबरात ओलं असणं इथल्या हवेत चालायचंच.

कामाला सुरुवात नेहमी छपरापासून करायची. तुमच्याकडे शाकारणी (कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं) शेवटची कधी झाली ते लिहिलेलं नाही, पण डागांवरून दोन जागांचा संशय येतो: छपराची दोन पाखी (उतार) मिळतात तिथली पन्हळ आणि धुराडं छपरातून बाहेर पडतं तिथला सांधा. पन्हळीतला पत्रा गंजून चाळण होतो किंवा त्यात पानं साचून पाणी कौलांच्या खाली उलटं घुसतं. नवा पत्रा घालताना तो दोन्ही बाजूंना कौलांखाली किमान ९ इंच गेला पाहिजे आणि कडा वर दुमडलेल्या हव्यात, म्हणजे उलटं आलेलं पाणी तिथेच अडतं. धुराड्याभोवती पूर्वी शिशाचा पत्रा दगडाच्या सांध्यात खोचून खाली कौलांवर उतरवलेला असे. तो फाटला की पुढचा माणूस सिमेंट थापतो. लाकडी छप्पर ऋतूप्रमाणे हलतं, दगडी धुराडं हलत नाही, म्हणून ते सिमेंट पहिल्याच वर्षी तडकतं. शिसं परवडत नसेल तर जाड ॲल्युमिनियमचा पत्रा चालेल, पण तो दोन तुकड्यांत हवा: वरचा धुराड्यात खोचलेला, खालचा कौलांवर बसलेला, आणि एकमेकांवर मोकळे सरकणारे.

कौलं उतरवताना एका वेळी एकच पाखं उघडा. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत वाजलं तर ते आणखी पन्नास वर्षं जाईल, बद्द वाजलं तर त्यात बारीक तडा आहे. मागची बाजूही पाहा, तिथे कारखान्याचा ठसा असतो. बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ हा आकडा आढळतो आणि त्यावरून 'आमचं घर १८६५ चं' असं बरेच जण सांगतात. ते मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नव्हे. त्याउलट ठशात कॉमनवेल्थ ट्रस्ट असं नाव असेल तर ती कौलं पहिल्या महायुद्धानंतरची, कारण मिशनचे कारखाने तेव्हा त्या कंपनीकडे गेले. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. म्हणून चांगली जुनी कौलं एकत्र करून पुढच्या दर्शनी पाख्यावर घ्या आणि नवी सगळी मागच्या पाख्यावर. एकाच पाख्यावर सरमिसळ झाली की कितीही दाबून बसवा, झडीत गळणार. नवी कौलं घेताना रीपांमधलं (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर आधी मोजून न्या. ते साधारण साडेबारा इंच असतं, पण जुन्या घरात अर्ध्या इंचाचा फरक सहज सापडतो आणि तेवढ्यानेही कौलाचं नाक रीपेवर अडकत नाही.

स्लॅब का नको, याचा हिशेब करून पाहा. एका चौरस मीटरला १४-१५ कौलं लागतात, एकेक अडीच किलोच्या आसपास, म्हणजे ३५ ते ४० किलो. वासे-रीपा धरून ५५ ते ६० किलो. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर, त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) केला की आणखी दीडशे. जुन्या छपराच्या सात-आठ पट ओझं तुम्ही दीड फुटी, सळई नसलेल्या, चुन्यात बांधलेल्या भिंतींवर आणि बेताच्या खोलीच्या पायावर टाकणार. हा भाग कोयनेच्या जवळचा आहे. १९६७ च्या डिसेंबरातला भूकंप विसरून चालणार नाही. भूकंपात डोक्यावरचं ओझं जितकं जास्त तितका भिंतीवर आडवा धक्का जास्त. शिवाय स्लॅबला लांब वळचण ठेवणं अवघड जातं, ती तोकडी होते आणि झड सरळ भिंतीवर येते. छपराखालची मोकळी हवाही जाते. म्हणजे ज्या ओलीसाठी स्लॅब घालायचा तीच वाढते.

पाण्याचा दुसरा हल्ला जोत्यावर असतो, आणि माझ्या कामात निम्म्याहून अधिक घरांची ओल इथेच सुटते. घराभोवती एक फेरी मारा. शंभर वर्षांत पालापाचोळा, बागेची माती, फरशी असं करत जमीन चढत जाते आणि जोत्याचा दगड गाडला जातो. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान फूटभर खाली असायला हवी. काही ठिकाणी ती आतल्या फरशीच्या बरोबरीला आलेली दिसेल. त्यावर भिंतीला लागून सिमेंटचा पट्टा केलेला असेल तर तो फोडून काढा. पट्ट्याखालची जमीन सुकत नाही आणि तिच्यातलं पाणी भिंतीवाटे वर येतं. माती हाताने, कुदळीने काढा. जेसीबी भिंतीपाशी आणू नका. भिंतीपासून दूर ४० फुटांना १ फूट एवढा उतार द्या आणि वळचणीच्या पागोळ्या पडतात त्या रेषेखाली फूटभर रुंद चर खणून त्यात मोठी खडी भरा. त्या चराला उतारावर बाहेर जायला वाट हवी. नुसता खड्डा करून ठेवला तर तुम्ही घराच्या पायाशी तळं बांधलंत असं होईल.

वळचणीच्या कडेला पन्हळी लावाव्यात की नाही, हे घरागणिक ठरतं. वळचण तीन फूट बाहेर असेल आणि खाली चर नीट असेल तर पन्हळीशिवाय चालतं, मूळ घर बहुधा तसंच होतं. पन्हळ लावायचीच असेल तर मापाने लावा. ६० चौरस मीटरच्या एका पाख्यावर तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि इथे तो पडतो, तर तासाला ६,००० लिटर म्हणजे मिनिटाला १०० लिटर पाणी येतं. बाजारातली चार इंची पीव्हीसी पन्हळ तेवढं घेत नाही, ती भरून मागच्या बाजूने, नेमकी वाशांच्या टोकांवर सांडते. सहा इंची पन्हळ, दर सहा मीटरला चार इंची उतरता पाइप आणि पाइपचं टोक भिंतीपासून लांब नेलेलं, हे किमान. इथल्या झाडांची पानं पाहता मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टात सफाई करायला माणूस ठरवून ठेवा. तेवढी सफाई होणार नसेल तर पन्हळ न लावलेली बरी.

तुमच्या दोन खोल्यांत लाकडी जमीन आहे असं तुम्ही लिहिलंय. अशा जमिनीखाली हवा खेळावी म्हणून जोत्यात जाळीदार भोकं ठेवलेली असतात. साप-उंदरांच्या भीतीने ती सिमेंटने लिंपलेली आढळतात. सगळी उघडा आणि बारीक स्टेनलेस स्टीलची जाळी बसवा. समोरासमोरच्या भोकांतून वारा वाहिला पाहिजे, एकाच बाजूची उघडून उपयोग नाही.

हे सगळं पहिल्या वर्षी. गिलाव्याला पहिल्या वर्षी हात लावायचा तो फक्त काढण्यासाठी. सुटलेला गिलावा आणि सिमेंट असेल तर ते, ओलीच्या रेषेच्या दीड फूट वरपर्यंत काढून घ्या. छिन्नी बारीक, हातोडी हलकी, ब्रेकर मशिन नको. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून घराबाहेर टाका. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. मग भिंत सुकू द्या. जाड भिंत सुकायला ढोबळमानाने इंचाला एक महिना लागतो. १८ इंची भिंत दोन्ही अंगांनी सुकली तर नऊ महिने, आणि त्यात इथला पावसाळा हिशेबात धरायचा नाही. मालकांना हा काळ सर्वांत जड जातो, उघडा दगड बघवत नाही. पण ओल्या भिंतीवर चढवलेला कुठलाही गिलावा, चुन्याचासुद्धा, वर्षभरात पोपडे टाकतो.

दुसऱ्या वर्षी गिलावा. वेळ फार महत्त्वाची आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे पहाटे हिमकण जमतात. ओला चुना गारठला तर भुसभुशीत होतो. एप्रिलच्या उन्हात तो लवकर सुकून तडकतो. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत काम उरका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो आणि ही क्रिया महिन्याला साधारण एक मिलिमीटर एवढ्याच वेगाने आत सरकते. मे महिन्यात केलेला गिलावा जूनच्या झडीत धुऊन जातो तो यामुळेच. बाहेरच्या बाजूला सुरखी घातलीच पाहिजे, ती चुन्याला हवेशिवायही काहीसं घट्ट करते.

चुना कळीचा (न विझवलेला), ताजा घ्या. एक खडा पाण्यात टाकला की तो फसफसून फुटला पाहिजे. नुसता चिखल झाला तर तो चुना मेलेला आहे. दुकानातली पिशवीतली पावडर सफेदीला चालेल, गिलाव्याला तिचा भरवसा नाही. चुना विझवताना पाणी उकळतं, म्हणून आधी पिंपात पाणी आणि त्यात थोडा थोडा चुना. उलट करू नका. गॉगल आणि रबरी हातमोजे सक्तीचे. डोळ्यात चुना गेला तर नजर जाऊ शकते. लगदा बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली किमान महिनाभर, जमलं तर तीन महिने मुरू द्या. म्हणजे चुना आदल्या नोव्हेंबरातच आणून विझवायला हवा.

मिश्रण मापाने: १ भाग चुन्याचा लगदा, १ भाग सुरखी, २ भाग धारदार कणांची, मीठ नसलेली धुतलेली वाळू. सुरखी नीट भाजलेल्या विटांची, घरी कांडून किंवा समोर दळून घ्या. विकतच्या सुरखीत माती मिसळलेली असते. १०० चौरस फुटांना एकूण २० मिलिमीटर जाडी धरली तर सुमारे ६० लिटर लगदा, ६० लिटर सुरखी आणि १२० लिटर वाळू लागते. जांभ्याची भोकं आणि रिकामे सांधे भरायला आणखी पाव हिस्सा धरा. पूर्वी यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत. हिरडा इथल्या जंगलातलाच. दोन्ही चालतात, पण अंदाजाने ओतू नका. गूळ जास्त झाला तर गिलावा आवळत नाही आणि मुंग्या लागतात. मी आधी तीन फूट बाय तीन फूट नमुन्याचा तुकडा करून तीन आठवडे पाहते आणि मगच प्रमाण पक्कं करते.

भिंत आदल्या संध्याकाळी आणि लावण्यापूर्वी तासभर भिजवा. पृष्ठभाग ओलसर हवा, पाणी चमकायला नको. आधी सांधे भरून घ्या आणि ते आठवडाभर घट्ट होऊ द्या. मग पहिला थर १० ते १२ मिलिमीटर, ओला असतानाच त्यावर तिरकस ओरखडे. बोटाच्या नखाने खूण उमटते पण बोट रुतत नाही अशी स्थिती आली, साधारण आठवड्याने, की दुसरा ८ मिलिमीटरचा. शेवटी गाळलेल्या चुन्याचा पातळ हात. प्रत्येक थराला पहिल्या दोन-तीन दिवसांत लाकडी थापीने पुन्हा ठोकून घेतलं की बारीक तडे मिटतात. सिमेंटवर हात बसलेला गवंडी नेमकं हेच करत नाही, तो लावून निघून जातो. म्हणून माणूस निवडताना या एका गोष्टीबद्दल विचारा. थर ओल्या गोणपाटाने दोन आठवडे झाकून, दिवसातून तीन-चार वेळा शिंपडत ठेवा. वर चुन्याच्या सफेदीचे चार पातळ हात. प्लॅस्टिक इमल्शन, ऑइल पेंट किंवा 'वेदर' नावाचे कुठलेही रंग लावले तर आतापर्यंतची मेहनत वाया जाईल, कारण तेही भिंतीचं तोंड बंद करतात.

क्षार फार असतील तर खालच्या तीन फुटांचा गिलावा पहिल्या दोन-तीन वर्षांत पुन्हा सुटेल. तो बळी द्यायचाच थर समजा, क्षार त्यात येऊन बसतात आणि दगड वाचतो. दुसऱ्यांदा केलेला टिकतो.

लाकडाबद्दल थोडंच लिहिते, कारण तुम्ही त्याबद्दल फार विचारलेलं नाही. कौलं उतरलेली असताना वाशांची पायाकडची टोकं, भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं आणि व्हरांड्याच्या खांबांचे पाय टोच्याने टोचून बघा. सागवान बाहेरून शाबूत आणि आतून कुजलेलं असतं. टोच्या अर्ध्या इंचाहून आत गेला तर तेवढाच भाग कापून जुन्याच सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी लाकडाच्या उंचीच्या तिप्पट, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. तुळईचं टोक भिंतीत परत बसवताना तिन्ही बाजूंनी इंचभर हवा सोडा, सिमेंटने चिणू नका. वळचणीची नक्षीदार फळी आणि झिलमिल्या (खिडक्यांच्या तिरक्या लाकडी पट्ट्या) यांवरचा जुना रंग मशिनने कोरडा घासू नका आणि ब्लोलॅम्पने जाळूही नका. त्या काळच्या रंगांत शिसं असतं, त्याची धूळ मुलांना विशेष घातक. ओला करून हाताने खरवडा. नंतर अळशीचं तेल लावलंत तर तेलाच्या चिंध्या पाण्याच्या बादलीत टाका, गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात.

पावसाळ्याची तयारी हा इथला जुना, शहाणा रिवाज. कुलम गवताच्या ताट्या नैर्ऋत्येच्या भिंतींवर बांधल्या जात आणि पाऊस सरला की उतरवत. गवत झड अडवतं आणि वाराही जाऊ देतं. आता सगळीकडे निळं प्लॅस्टिक दिसतं. ते वापरायचं तर भिंतीला घट्ट न आवळता बांबूच्या चौकटीवर, भिंतीपासून हातभर दूर बांधा, खालून-वरून उघडं ठेवा आणि ऑक्टोबरात आठवणीने काढा. रखवालदाराला सांगून ठेवा: ज्या दिवशी उघडीप असेल त्या दिवशी दारं-खिडक्या चार तास उघड्या. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे.

परवानगीचं आधी बघा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि वारसा वास्तूंना त्यात वेगळे नियम आहेत. तुमचं घर यादीत आहे का, हे नगरपरिषदेत लेखी विचारा. इथले बरेच बंगले सरकारी भाडेपट्ट्यावर आहेत. तुमचाही असेल तर पट्ट्याच्या अटीत दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय ते काम सुरू होण्याआधी वाचा. कौलं शाकारणं आणि जसा होता तसा चुन्याचा गिलावा करणं यात सहसा अडचण येत नाही. स्लॅब हा बांधकामात बदल ठरतो.

राहता राहिली फायरप्लेस. ती बंद करू नका. पावसाळ्यात बंद असलेल्या घरात ओलसर हवा बाहेर जायला उरलेली ती एकमेव उभी वाट आहे, धुराड्यातून हवा सतत वर ओढली जाते. अडचण पावसाचं पाणी आणि पक्ष्यांच्या घरट्यांची असते, आणि तिला उपाय आहे: धुराड्याच्या तोंडावर चार छोट्या पायांवर उभी केलेली दगडी लादी किंवा तांब्याची टोपी, तोंडापासून नऊ इंच वर, बाजूंना जाळी. लादी धुराड्यापेक्षा चारही अंगांनी सहा इंच बाहेर हवी. ती बसवण्याआधी आतलं काजळ आणि जुनी घरटी काढून घ्या. ओल्या काजळातूनच भिंतीवर ते पिवळट-तपकिरी डाग उतरतात, आणि तुमच्या नैर्ऋत्येच्या खोलीतली फायरप्लेस त्याच भिंतीत असेल तर डागांचं निम्मं कारण तिथेच सापडेल. पुढच्या वेळी वर गेलात की ती भिंत, धुराड्याचा छपराजवळचा सांधा आणि जोत्याचा एक कोपरा यांचे फोटो टाका, त्यावरून कामाचा क्रम आणखी नेमका सांगता येईल.